साईटवर लीन कसं आणायचं: सुरुवात "होऊन जाईल साहेब"पासून

साईटवरचं सगळ्यात महाग वाक्य कुठलं विचाराल तर "होऊन जाईल साहेब". सिमेंटची गोणी भिजून दगड झाली तर ती दिसते, स्टीलचे तुकडे भंगारात गेले तर तेही दिसतात, पण सोमवारी मुकादम "होऊन जाईल" म्हणाला आणि शनिवारी ते झालेलं नसलं तर त्यात गेलेले पैसे कुठल्याच रजिस्टरला लागत नाहीत. मी डिप्लोमा केल्यापासून साईटवरच आहे, बहुतेक पुण्याच्या आसपास, पार्किंग प्लस सात मजले वगैरे, फार मोठं काही नाही. आणि लीन, म्हणजे कामातलं वाया जाणं शोधून कमी करायची पद्धत, हा शब्द मी साईटवर नाही, घरच्या माणसाकडून ऐकला. माझा धाकटा भाऊ चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे, तो एकदा साईटवर डबा द्यायला आला, पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, दादा, तुझी अर्धी माणसं नुसती उभी आहेत. मला राग आला. म्हटलं ही तुझी कंपनी नाही, इथे ऊन असतं पाऊस असतो. तर म्हणाला, उन्हामुळे नाही उभी, काहीतरी यायची वाट बघतायत.

तसंच होतं. दोन गवंडी ब्लॉकची वाट बघत होते, ब्लॉक लिफ्टची वाट बघत खाली पडले होते आणि लिफ्टवाला ऑपरेटर चहाला गेला होता.

खाली जे लिहितोय ते दोन साईटवर करून बघितलेलं आहे, चुकतमाकत. मोठ्या कंपन्यांकडे कन्सल्टंट असतात, सॉफ्टवेअर असतं, त्यांच्यासाठी हे नाही. एक इंजिनियर, एक सुपरवायझर, एक स्टोअरकीपर आणि आठ-दहा ठेकेदार एवढ्यावर ज्यांची साईट चालते त्यांच्यासाठी आहे.

थोडं मागचं सांगतो, कारण मालक विचारतोच की हे कुठून काढलं. मूळ टोयोटाचं. ताईची ओनो नावाच्या त्यांच्या इंजिनियरने कारखान्यातली वायफळ कामं सात प्रकारांत मांडली, जपानीत त्याला मुदा म्हणतात: जास्तीचं उत्पादन, वाट बघणं, वाहतूक, गरज नसलेली प्रक्रिया, साठा, माणसांची हालचाल आणि चुका. बांधकामात हा विचार आणला फिनलंडच्या लॉरी कोस्केला यांनी, १९९२ साली स्टॅनफर्डला असताना लिहिलेल्या रिपोर्टमध्ये. त्यांचं म्हणणं साधं होतं, आपण प्लॅनमध्ये फक्त काम लिहितो, ब्लॉकवर्क चार दिवस, प्लास्टर पाच दिवस, पण दोन कामांच्या मधलं वाहणं, थांबणं, तपासणं कुठेच लिहीत नाही आणि वेळ तिथेच जातो. पुढे अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९७ मध्ये लीन कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूट काढली. बॅलार्ड यांनी साईटवरचे आठवड्याचे प्लॅन तपासले तर ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम अर्धीच त्या आठवड्यात होत होती. अमेरिकेत हं. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. आपल्याकडेही आयआयटी मद्रासमध्ये यावर बरंच काम झालंय, २०१८ ला या विषयाची जागतिक परिषद चेन्नईत भरली होती.

बॅलार्ड यांच्या पद्धतीचं नाव लास्ट प्लॅनर. शेवटचा प्लॅनर म्हणजे उद्या कोण कुठे काय करणार हे खरंखुरं ठरवणारा माणूस, म्हणजे आपल्याकडे मुकादम. बारचार्ट ऑफिसात कोणीही बनवो, उद्या सकाळी चौथ्या मजल्यावर किती माणसं लावायची ते मुकादमच ठरवतो आणि आपण त्यालाच मीटिंगला बोलावत नाही.

आधी एक तास नुसतं बघा

पहिल्या दिवशी काही बदलायचं नाही. वही घ्यायची, घड्याळ घ्यायचं, एका गवंड्याजवळ पालथ्या बादलीवर बसायचं आणि दर मिनिटाला तो काय करतोय ते लिहायचं. त्याला आधी सांगा मात्र की तुझी हजेरी कापायला नाही बसलो, नाहीतर तो त्या तासापुरता मशीनसारखा काम करेल आणि तुमची वही फुकट जाईल.

मी पाचव्या मजल्यावर एका एएसी ब्लॉकवाल्या (हलक्या काँक्रीट ब्लॉकच्या भिंती बांधणाऱ्या) गवंड्याजवळ बसलो होतो. साठ मिनिटांत थापी आणि ब्लॉक हातात होता ती मिनिटं एकवीस. चांगला कारागीर आहे तो, ओळंब्याला एक सूत फरक पडू देत नाही. बाकीची एकोणचाळीस मिनिटं कशात गेली तर ब्लॉकचा ढीग डक्टच्या पलीकडे उतरवला होता, तिथून बिगारी दोन-दोन ब्लॉक आणत होता, आणि एकच बिगारी दोन गवंड्यांना होता. मग लाईनदोरी सापडेना. मग माल घट्ट झाला म्हणून पाणी, पाण्याचा ड्रम खालच्या मजल्यावर. मग इलेक्ट्रिशियन आला आणि म्हणाला इथे बोर्ड आहे, थांब, तर तो ड्रॉइंग बघायला गेला तो परत आलाच नाही. एका गवंड्याचा एक तास आहे हा, याला अभ्यास वगैरे म्हणू नका. पण तोपर्यंत माझ्या तोंडात एकच वाक्य असायचं, "लेबर काम करत नाही", ते त्या दिवसापासून बंद झालं.

त्याच दुपारी फुकटात तीन गोष्टी झाल्या. ब्लॉक कुठे उतरवायचे ते जमिनीवर चुन्याने आखलं, भिंतीच्या रेषेपासून हात-दोन हात लांब, दर खोलीला लागतील तेवढेच. पाण्याचा ड्रम वर आला. लाईनदोरी, लेव्हल ट्यूब, ओळंबा असल्या वस्तूंसाठी एक फळी भिंतीला ठोकली आणि प्रत्येक वस्तूच्या खिळ्याखाली तिचं चित्र काढलं, म्हणजे रिकामा खिळा दिसला की काय हरवलंय ते कळतं. कंपन्यांमध्ये याला फाईव्ह एस म्हणतात आणि पोस्टर लावतात. पोस्टर लावू नका, फळी लावा.

काम तयार आहे का, हा खरा प्रश्न

आता मुख्य भाग, आणि बाकी सगळं सोडून एवढं एकच केलंत तरी चालेल.

नियम असा की ज्या कामाचा रस्ता मोकळा नाही ते काम आठवड्याच्या प्लॅनमध्ये घ्यायचंच नाही. आपण उलटं करतो, आधी तारीख टाकतो, माणसं लावतो आणि मग अडथळे एकेक करून अंगावर येतात. त्यासाठी पुढच्या सहा आठवड्यांची कामं एका कागदावर लिहा आणि प्रत्येक कामासमोर काय-काय अडू शकतं ते लिहा. ड्रॉइंग फायनल आहे का, माल आलाय का, आधीच्या गँगने जागा सोडली का, माणसं आहेत का, मशीन आहे का, कोणाची तपासणी किंवा परवानगी लागते का. प्रत्येक अडथळ्यासमोर एका माणसाचं नाव आणि तारीख. "ऑफिस" असं नाव चालणार नाही, ऑफिस म्हणजे कोणीच नाही.

स्लॅबचंच बघा. मंगळवारी स्लॅब टाकायचा म्हणून सगळे धावतात. सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा) झालं, फिटरने सळई बांधली, कव्हर ब्लॉक लागले, इलेक्ट्रिकचे पाईप टाकले, आणि सोमवारी संध्याकाळी कळतं की स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा माणूस बुधवारशिवाय येत नाही. किंवा तो येतो आणि एका बीमच्या सळयांची लॅप (जोड) चुकलीय म्हणतो आणि प्लंबरचे स्लीव्ह (पाईप जायला स्लॅबमध्ये सोडायच्या नळ्या) तर राहिलेलेच असतात. तोपर्यंत आरएमसीच्या (प्लँटवरून येणाऱ्या तयार काँक्रीटच्या) गाड्या बुक, पंप बुक, व्हायब्रेटर भाड्याने आणलेला. यातलं एकही संकट सोमवारी जन्माला आलेलं नसतं, सगळी तीन आठवडे आधी दिसत होती, फक्त कोणी लिहून ठेवली नव्हती. आरएमसीला तर दुसरा घोळ, आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे लोडिंगपासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी, एका गाडीत साधारण ६-७ घनमीटर, तुमचा पंप तासाला किती घेतो ते न बघता पाच गाड्या एकदम मागवल्या तर तीन गेटवर ड्रम फिरवत उभ्या राहतात आणि मग कोणीतरी हळूच ड्रममध्ये पाणी सोडतो. म्हणून प्लँटवाल्याला गाड्यांमधलं अंतर सांगा, पहिल्या दोन गाड्या बघा आणि फोन करून ते अंतर कमी-जास्त करा.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगतो कारण मालक लोक लीन म्हटलं की दिवस कापायला बघतात. आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्पॅनच्या स्लॅबखालचे प्रॉप्स (टेकू) ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, बीमखाली ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवस काढायचे नाहीत. क्युरिंग साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲशवालं (राख मिसळलेलं) पीपीसी सिमेंट असेल तर १० तरी. हा वेळ वाया गेलेला नाही, काँक्रीट तेव्हा काम करत असतं. कापायचं ते माणसांचं उभं राहणं.

आपल्या साईटवरचे काही अडथळे कुठल्याच इंग्रजी पुस्तकात नसतात, ते यादीत आपण घालायचे. रविवारी खर्ची वाटली की सोमवारची हजेरी पातळ. होळी आणि छठला बिहारकडची माणसं गावी जाणार, गौरी-गणपतीला कोकणातले सुतार जाणार, दसरा झाला की मराठवाड्याकडच्या काही जोड्या ऊसतोडीला जाणार, या तारखा कॅलेंडरवर छापलेल्या असतात तरी दरवर्षी आपल्याला त्यांचं आश्चर्य वाटतं. शहरात जड वाहनांना सकाळ-संध्याकाळ बंदीचे तास असतात. शेजारच्या सोसायटीत कोणाची परीक्षा असते आणि रात्री दहानंतर पंप चालला की पोलीस येतात. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून बाहेरचं प्लास्टर हे काम "तयार" या रकान्यात जातच नाही.

शुक्रवारची मीटिंग आणि फळा

मी पहिल्यांदा इंटरनेटवर बघून रंगीत चिकट कागद आणले, साईट ऑफिसच्या भिंतीवर मस्त लावले, सगळ्या मुकादमांना बोलावलं आणि कोणीतरी पंखा लावला. दोन महिन्यांचा प्लॅन जमिनीवर. त्यानंतर सेंट्रिंगच्या टाकाऊ प्लायचा एक तुकडा पांढरा रंगवून घेतला आणि कागद टाचणीने लावायला लागलो, तो फळा अजून आहे. प्रत्येक गँगला एक रंग, कारण सगळ्यांना वाचता येतं असं नाही, आणि कागदावर मजल्याचा आकडा आणि छोटं चित्र, खिडकी, नळ, बल्ब. प्लास्टरवाल्या मामांना त्यांचा पिवळा रंग लांबून दिसतो, बास झालं.

पहिल्यांदा बसाल तेव्हा उलटीकडून चला. शेवटच्या कामापासून मागे. फ्लॅटची चावी द्यायची तर त्याआधी काय, शेवटचा रंगाचा हात. त्याआधी, दरवाजे. त्याआधी, टाईल्स. प्रत्येक मुकादमाने आपल्या आधीच्याला सांगायचं की मला काय आणि कसं हवंय. इथे जे ऐकायला मिळतं ते सोनं असतं. टाईल्सवाला म्हणाला मला तुमची साफसफाई नको, फक्त बाथरूमची लेव्हल प्लंबरने भिंतीवर मारून द्यावी. प्लंबर म्हणाला, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलंच नाही. दोघं एकाच साईटवर दोन वर्षं होते.

मग दर शुक्रवारी पाऊण तास. पुढच्या आठवड्याची कामं, फक्त तयार असलेली, आणि ती मुकादमाने स्वतः फळ्यावर लावायची. तुम्ही लावायची नाहीत, हात खिशात ठेवा. आणि काम असं लिहा की झालं की नाही यावर वाद होणार नाही. "चौथ्या मजल्याचं प्लास्टर चालू" असं नाही, "४०१ आणि ४०२ चं आतलं प्लास्टर पूर्ण, गुरुवार संध्याकाळ" असं. पुढच्या शुक्रवारी मोजायचं, वीस कागद लावले होते, नऊ पूर्ण झाले, म्हणजे शंभरात पंचेचाळीस. ऐंशी टक्के झालेलं काम शून्य धरायचं. यावर सगळे भांडतात, भांडू द्या, पण मागून येणाऱ्या गँगला ऐंशी टक्के झालेल्या खोलीत काम सुरू करता येत नाही हे त्यांनाच माहीत असतं.

पंचेचाळीस हा आकडा कोणाला झापायला वापरलात की खेळ संपला. पुढच्या आठवड्यापासून सगळे सोपी कामं लावतील, आकडा नव्वद होईल आणि बिल्डिंग तिथेच. आकड्यापेक्षा न झालेल्या अकरा कामांची कारणं महत्त्वाची, ती बाजूला रेघा मारून मोजा. आमच्याकडे पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त रेघा "लेबर आलं नाही" यावर पडतील अशी माझी खात्री होती. पडल्या "आधीचं काम अपुरं" आणि "ड्रॉइंग नाही" यावर. ड्रॉइंग नाही म्हणजे कोणाची चूक, तर माझी आणि ऑफिसची.

आणि मग एक शुक्रवार आला. मालक पण बसले होते. सहाव्या मजल्याचं आतलं प्लास्टर सोमवारी घ्यायचं असं मीच सुचवलं, तर प्लास्टरवाले मामा पिवळा कागद हातात धरून गप्प. मी म्हटलं मामा लावा. ते म्हणाले, "नाही लावत. खिडक्यांच्या चौकटी बसल्या नाहीत. मी प्लास्टर करणार, मग अॅल्युमिनियमवाला येऊन कडा फोडणार, मग पॅच मारायला मीच, आणि पॅचचे पैसे कोण देणार?" मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी ताबडतोब अॅल्युमिनियमवाल्याला फोन लावला, तो म्हणाला माप घ्यायला बोलावलंच नाही कोणी. माझ्या यादीत ते राहिलं होतं. मंगळवारी माप झालं, सहावा मजला आठवडाभर मागे गेला, मामांची माणसं पाचव्या मजल्याच्या जिन्यात लागली आणि त्या मजल्यावर नंतर एकही पॅच मारावा लागला नाही. या "नाही लावत"साठी हा सगळा खटाटोप आहे. साईटवर नाही म्हणायची सवय कोणालाच नसते, कारण नाही म्हटलं की काम दुसऱ्याला जातं, म्हणून सगळे हो म्हणतात आणि मग फोन उचलत नाहीत.

रोज सकाळी पावणेनऊला दहा मिनिटं उभ्याने, चहा हातात, प्रत्येकाने तीन वाक्यं: काल ठरलेलं झालं का, आज कुठे, काय अडलंय. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत चालतं. बसायला खुर्च्या ठेवू नका, अर्धा तास जातो.

आता कटू भाग. ठेकेदाराचं बिल दोन-दोन महिने अडकवून ठेवायचं आणि शुक्रवारी त्याच्याकडून शब्द घ्यायचा, हे चालत नाही. मी एका साईटवर हे बघितलंय, फळा होता, मीटिंग होती, सगळं होतं, आणि गँग दुसऱ्या बिल्डरकडे पळत होत्या कारण तिकडे दर शनिवारी पैसे मिळत होते. माणसं चौरस फुटाच्या रेटवर काम करतात, उभी राहिली तर नुकसान त्यांचं. त्यामुळे बिलाची तारीख हा पण एक अडथळाच आहे, तो यादीत लिहा, समोर मालकाचं नाव लिहा. लिहिताना जरा हात थरथरतो, पण लिहा.

माल किती ठेवायचा

टोयोटाचं जस्ट इन टाईम, म्हणजे माल लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच आणायचा, हे ऐकून कोणी साईटवर शून्य साठा ठेवायला गेलं तर दोन दिवसांत हात वर करेल. कारखान्यात पार्ट तासाच्या हिशोबात येतो, आपल्याकडे क्रश सँडची गाडी आज म्हणजे परवा. म्हणून साठा ठेवा, पण किती ते ठरवून. सिमेंटचं सोपं आहे. थप्पी दहा गोण्यांपेक्षा उंच नको, नाहीतर खालच्या गोण्या दाबाने घट्ट होतात, आणि आधी आलेली आधी गेली पाहिजे. आम्ही शेवटच्या साठ गोण्यांच्या थप्पीवर लाल रंगवलेली वीट ठेवतो, ती वीट हलवायची वेळ आली की स्टोअरकीपरने फोन करायचा. साठच का, तर आमचा रोजचा खप वीस होता आणि डिलिव्हरीला दोन दिवस लागतात, एक दिवस जास्तीचा धरला. तुमचा हिशोब तुम्ही करा. विटेचा फायदा असा की कोणाला रजिस्टर उघडायला लागत नाही.

टाईल्स, नळाचं सामान, दरवाज्याचं हार्डवेअर या गोष्टी फ्लॅटप्रमाणे बांधून वर पाठवा. ३०२ च्या टाईल्स ३०२ मध्ये, कापाकापीसाठी थोड्या जास्त, आणि बॅच नंबर बघून, नाहीतर हॉलमध्ये दोन छटा दिसतात. गोडाऊनमधून सुटं सामान द्यायला लागलात की प्लंबर दिवसातून सहा वेळा खाली येतो, आणि खाली आला की तंबाखू, गप्पा, अर्धा तास. स्टीलला बारा मीटरच्या सळईचं कटिंग आधी कागदावर मांडा, मोठे तुकडे आधी, उरलेल्यातून रिंगा आणि वरच्या सळईला आधार देणाऱ्या खुर्च्या. हे सगळ्यांना माहीत असतं, करत कोणी नाही.

चुका परत परत का होतात

एकदा बाथरूमचा स्लीव्ह राहिला म्हणून झालेल्या स्लॅबला कोअर कटिंग करावं लागलं, म्हणजे मशीनने भोक पाडावं लागलं. नेहमीप्रमाणे प्लंबरला बोललो. मग भावाने सांगितलेलं आठवलं, पाच वेळा का विचार. स्लीव्ह का राहिला, प्लंबरच्या ड्रॉइंगमध्ये नव्हता. का नव्हता, त्याच्याकडे जुनं ड्रॉइंग होतं. का, नवीन व्हॉट्सॲपवर आलं होतं आणि तो त्या ग्रुपमध्येच नव्हता. पाचपर्यंत जायलाच लागलं नाही. आता ऑफिसात एकच ड्रॉइंग बोर्ड आहे, प्रत्येक शीटवर तारीख, नवीन आलं की जुनं सगळ्यांसमोर फाडायचं. आणि पहिला एक फ्लॅट सगळ्या बाजूंनी पूर्ण करून घ्यायचा, अगदी कमोडचं झाकण बसेपर्यंत, ज्या काही पंधरा-वीस चुका निघायच्या त्या तिथेच निघतात.

गाडीचे डबे

शेवटी ज्या गणिताने आमचे मालक खरे तयार झाले ते सांगतो. आरसीसीचा सांगाडा झालाय, आता सात मजले, दर मजल्याला चार फ्लॅट, आणि सात गँग एकामागे एक: ब्लॉकवर्क, भिंतीत झिऱ्या (खाचा) मारून पाईप, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, टाईल्स, दरवाजे, रंग. प्रत्येकीला एक मजला सहा दिवस. प्लास्टरनंतर क्युरिंगला सहा कामाचे दिवस, म्हणजे रविवार धरून सात, तो एक रिकामा डबा समजा. गँग म्हणजे डबा आणि मजला म्हणजे स्टेशन, तर रेल्वेला आठ डबे आणि सात स्टेशनं. पहिला डबा पहिल्या मजल्यावर शिरल्यापासून शेवटचा डबा सातव्या मजल्यातून बाहेर पडेपर्यंत ७ अधिक ८ वजा १, म्हणजे १४ टप्पे, गुणिले ६ दिवस, ८४ दिवस.

आता माणसं तेवढीच ठेवा, वेग तोच ठेवा, फक्त मजल्याचे दोन भाग करा, दोन-दोन फ्लॅटचे. अर्ध्या मजल्याला तीन दिवस. स्टेशनं १४. क्युरिंगला आता दोन रिकामे डबे, म्हणजे एकूण ९. १४ अधिक ९ वजा १, २२ टप्पे, गुणिले ३, ६६ दिवस. अठरा कामाचे दिवस वाचले, तीन आठवडे, एकही माणूस न वाढवता, कारण मागची गँग आता चार फ्लॅट मोकळे व्हायची वाट बघत नाही, दोन झाले की शिरते.

कागदावर हे सुंदर दिसतं, साईटवर टाईल्सवाला तीन दिवसांत दोन फ्लॅट देत नाही. मग सगळी रेल्वे त्याच्या वेगाने चालते. अशा वेळी प्लास्टरवाल्याला पळवून काही होत नाही, तो दोन मजले पुढे गेला तर नुसत्या खोल्या अडकून राहतात. टाईल्सला एक जोडी वाढवा, किंवा त्याचं कटिंग खाली एका जागी करून वर तयार तुकडे द्या. आम्ही दुसरं केलं, कटरची धूळ पण वाचली. आणि सोमवारच्या पातळ हजेरीसाठी टप्प्याचा पहिला दिवस सोमवारी आला तर तिथे सामान चढवणं, आखणी, असली कामं ठेवली.

हे गणित फळ्यावर मांडलं तेव्हा मालकांनी लगेच विचारलं, मग चार भाग करा की, एकेक फ्लॅट. केलं. स्टेशनं २८, टप्पा दीड दिवसाचा, क्युरिंगचे चार रिकामे डबे धरून ११ डबे, ३८ टप्पे, ५७ दिवस. अजून नऊ दिवस वाचतात. पण दीड दिवसाच्या टप्प्यात एक माणूस तापाने आडवा झाला की अख्खी रेल्वे थांबते, आणि मटेरियल लिफ्ट आमच्याकडे एकच होती. मालकांनी लिफ्टचं भाडं विचारलं, मी सांगितलं, ते म्हणाले राहू दे, दोनच भाग ठेवा.